पहाटेची शुगर, लोकलमधली चक्कर आणि बाबांचे पाय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डायबेटिसबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं म्हटलं होतं आणि एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं या अंकात जमणार नाही, राहिलेली पुढच्या वेळी घेते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. गेली २२ वर्षं मी परळच्या बाजूला एका ओपीडीत डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते, म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आलेल्या पेशंटला मशीन कसं वापरायचं, सुई कुठे टोचायची, डब्यात काय न्यायचं हे बसवून शिकवायचं. त्यामुळे गोळीचा डोस मी इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पत्रं वाचताना एक गोष्ट मनाला लागली. जवळजवळ प्रत्येकाने कुणापासून तरी काहीतरी लपवलंय. कुणी आकडा लपवलाय, कुणी गोळी लपवलीये, कुणी आजारच.

ताई, मी लालबागला राहते, वय ५४, शुगर ६ वर्षं आहे. रात्री अर्धी भाकरी आणि भाजी एवढंच खाते, भात तर बंदच केलाय. झोपताना १४० असते आणि सकाळी उठून बघते तर १६५. घरात सगळ्यांना वाटतं मी रात्री उठून काहीतरी खाते. त्यामुळे आता वहीत मी १२० च लिहून टाकते. माझं काय चुकतंय?

काकू, खाण्यात तुमचं काही चुकत नाहीये. हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय, घरच्यांना वाचायला द्या.

आपण झोपलेलो असलो तरी मेंदूला साखर लागतेच, ती यकृत आपल्या साठ्यातून थोडी थोडी रक्तात सोडत असतं. पहाटे ३-४ नंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात आणि ते यकृताला सांगतात की आता जास्त सोड. ज्याला डायबेटिस नाही त्याच्या शरीरात लगेच इन्सुलिन वाढतं आणि यकृताला आवर घालतं. आपल्यात इन्सुलिन कमी पडतं नाहीतर यकृत त्याचं ऐकत नाही, म्हणून तोंडात एक घास न टाकता झोपेतच साखर २०-३० ने वर जाते. हे इतकं कॉमन आहे की ओपीडीत आठवड्यातून चार-पाच बायका तरी हेच रडगाणं घेऊन येतात, आणि रडगाणं म्हणतेय कारण त्यातल्या खरोखरच रडतात, घरचे विश्वास ठेवत नाहीत म्हणून.

आता एक करा. दोन-तीन रात्री, सलग नको, आठवड्यातून एखादी, अशा झोपताना, मग गजर लावून पहाटे ३ ला आणि मग उठल्यावर अशी तीनदा शुगर बघा. झोपताना १४०, तीनला १४०, सकाळी १६५ आली तर हे पहाटेचंच काम आहे. झोपतानाच २०० च्या पुढे असेल आणि सकाळीही तेवढीच, तर रात्रीच्या जेवणाकडे बघायला हवं. आणि तीनला ७० च्या खाली आली तर मात्र वेगळं प्रकरण आहे, तेव्हा आधी साखर-पाणी घ्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, कारण गोळी जास्त होतेय. तिन्ही गोष्टींवर उपाय वेगवेगळा आहे, आणि तो या तीन आकड्यांशिवाय डॉक्टरांनाही कळणार नाही.

अर्ध्या भाकरीवर राहू नका हो. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ किंवा अंडं किंवा बांगडा, आणि भाजी, असं पोटभर पण वेळेवर जेवा. मालिका संपल्यावर साडेदहाला जेवण आणि लगेच आडवं, हे टाळलं आणि जेवून चाळीच्या गॅलरीत १५ मिनिटं फेऱ्या मारल्या तर बऱ्याच जणांचा सकाळचा आकडा थोडा उतरतो. मेटफॉर्मिन घेत असाल तर ती गोळी मुख्यतः यकृतावरच काम करते, त्यामुळे तिची वेळ किंवा डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारा.

आणि ती वही. १२० लिहिलं की डॉक्टर तेच धरून गोळी तीच ठेवतात, मग ३ महिन्यांनी एचबीएवनसी ८ येतं आणि कुणालाच कळत नाही कुठून आलं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना जेवढी साखर चिकटली ती या टेस्टमध्ये दिसते, म्हणून तिथे मागच्या ३ महिन्यांचा हिशोब लागतोच. खोटा आकडा लिहून तुम्ही घरच्यांचं बोलणं थांबवलंत पण स्वतःचा उपचारही थांबवलात. उद्यापासून १६५ असेल तर १६५ लिहा.

मी ३१ वर्षांचा, उंची ५ फूट ८, वजन ६२ किलो. मालाडला नाइट शिफ्ट करतो. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी ६.८ आलं. मी इतका बारीक असून मला शुगर कशी? घरी सांगितलेलं नाही, लग्नाचं बघतायत.

दादा, आधी टेस्ट परत कर. तहान, सारखी लघवी असा काही त्रास नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळ्या दिवशी परत तपासतात. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याच्या वर, नाहीतर उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याच्या वर म्हणजे डायबेटिस, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे लोक ज्याला बॉर्डर म्हणतात ती. हां, पण गेल्या एक-दोन महिन्यांत न ठरवता वजन उतरलं असेल, रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर वाट बघत बसू नको, लगेच जा, कारण टाइप १, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं तो डायबेटिस, मोठ्या वयातही होतो आणि त्याला इन्सुलिनच लागतं.

बारीक असण्याचं म्हणशील तर त्याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच आलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचाच फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे काटा तेच वजन दाखवतो पण आपल्या लोकांत त्या वजनात स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटाच्या आत, यकृताच्या आजूबाजूला साठते. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर मोजतात, पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. शिंप्याकडची टेप घे, बेंबीच्या लेव्हलला लाव, पोट आत न ओढता. हातपाय काटकुळे आणि शर्टाखाली छोटं पोट असे कितीतरी तरुण माझ्यासमोर येऊन बसतात.

आपण जेवतो त्यातली बरीचशी साखर स्नायू वापरतात, स्नायूच कमी असतील तर ती जाणार कुठे. त्यामुळे नुसतं चालणं नाही तर आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, डंबेल्स, जिने चढणं हेही हवं. नाइट शिफ्टमध्ये पहाटे ३ ला कँटीनमधला वडापाव आणि कोल्ड्रिंक हे सगळ्यात आधी बंद कर, त्या वेळी शरीर साखर हाताळायला तयारच नसतं. घरून डबा ने.

आणि तू एकटा नाहीस रे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर असं दिसलं. घरी सांग. मुलीलाही लग्नाआधी सांग, नंतर गोळ्यांचं पाकीट सापडण्यापेक्षा तू स्वतः सांगितलेलं केव्हाही बरं, आणि एवढ्या लवकर कळलंय तर आटोक्यात ठेवणं खूप सोपं आहे हेही सांग. आईबाबांची शुगर शेवटची कधी तपासली होती तेही विचार.

वय ६८, माहीम. रत्नागिरीहून पेटी आली, अर्धा हापूस खाल्ला आणि लगेच मशीन लावलं तर ३४०! आंबा कायमचा बंद का?

काका, हात धुतले होते का? हसू नका, खरंच विचारतेय. आंबा कापून, हात नॅपकिनला पुसून बोट टोचलं की बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन तीच साखर मोजतं. मे महिन्यात ओपीडीत असे घाबरलेले फोन हमखास येतात. साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या टोकाला नाही तर कडेला टोचा, मग बघा. स्ट्रिप्सची डबीही लगेच घट्ट बंद करायची, आपल्या मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिली की स्ट्रिप्स खराब होतात.

आंबा बंद नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा मध्यम हापूस खाल्ला की त्या वेळी एक पोळी कमी करायची असा साधा हिशोब. आमरस नको, फोडी खा. जेवणावर पुरीसोबत नको, अकरा-साडेअकराला नुसता खा, मूठभर शेंगदाणे सोबत चालतील. खायच्या आधी आणि २ तासांनी शुगर बघा, फरक ४०-५० च्या आत असेल तर तुमच्या शरीराला तेवढा झेपतोय. शेजाऱ्यांना किती झेपतो त्यावर जाऊ नका.

मी बदलापूरहून सीएसएमटीला रोज लोकलने जाते, वय ४४. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. परवा सकाळी घाईत गोळी घेतली, नाश्ता राहिला, ठाण्याच्या पुढे घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यापुढे अंधारी. ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही मला शुगर आहे. कुणाचातरी वाढदिवस होता, पेढे होते, सहा-सात खाल्ले. ऑफिसला पोचले तर ३१०. आता मी सकाळची गोळीच बंद करू का?

नाही, मनाने बंद करू नकोस गं. आणि तुझं पत्र वाचून मला खरंच धस्स झालं, दारात उभी असतीस तर काय झालं असतं.

झालं ते असं. मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर लो करत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतात, पोटात अन्न असो की नसो. त्यामुळे त्या गोळीचा आणि नाश्त्याचा संबंध तोडायचाच नाही. घरून निघताना जमत नसेल आणि तू खरोखर ऑफिसला पोचून साडेनऊला खात असशील तर गोळीची वेळ बदलायची का हे डॉक्टरांना विचार, त्यांना तुझी ट्रेन किती वाजताची आहे हे माहीतच नसेल. कदाचित ते अशी गोळीही देतील जिच्याने शुगर लो होत नाही.

लो झाली, म्हणजे ७० च्या खाली, तर काय करायचं हे पाठ करून ठेव. १५ ग्रॅम साखर, म्हणजे ३ छोटे चमचे, पाण्यात विरघळवून किंवा तशीच तोंडात टाकून, नाहीतर ग्लुकोज पावडर. मग १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. मोजायला मशीन नसेल आणि लक्षणं असतील तर न मोजता साखर घ्यायची. पेढा, चॉकलेट, बिस्कीट यात तूप-मावा असल्याने साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आपल्याला वाटतं अजून बरं वाटत नाही, मग दुसरा, तिसरा, सहावा, आणि तासाभराने ३१०. तुझं नेमकं हेच झालं. सावरल्यावर मात्र जेवायला वेळ असेल तर एखादी पोळी किंवा केळं खायचं, नाहीतर परत उतरते.

पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोजचं छोटं पाकीट ठेव, आतल्या कप्प्यात नको, थरथरत्या हाताने चेन उघडत नाही. आणि ग्रुपला सांग. तुमच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, एकमेकींच्या सासवांची दुखणी माहीत असतात, मग ही एक गोष्ट का नाही? बेशुद्ध झालीस तर तोंडात पाणी किंवा साखर ओतायची नाही, घशात अडकते, पुढच्या स्टेशनवर उतरवून सरळ हॉस्पिटलला न्यायचं, हे निदान शेजारच्या दोघींना तरी माहीत असायला हवं. आजच्या ५:४० च्या लोकलला सांगून टाक.

माझे बाबा ६६ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. १७ वर्षं शुगर, ३ प्रकारच्या गोळ्या, तरी एचबीएवनसी १०.२. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. बाबा म्हणतात इन्सुलिन म्हणजे शेवट, शेजारच्या काकांना लावलं आणि वर्षात पाय गेला. बाटली फ्रीजमध्ये पडून आहे. डॉक्टरांना मात्र घेतोय असंच सांगितलंय.

शेजारच्या काकांचा पाय इन्सुलिनने गेला नाही गं, इन्सुलिन उशिरा लावलं म्हणून गेला असण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं शुगर ३०० राहिली, नसा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या, आणि अगदी शेवटी सुई हातात आली, मग बघणाऱ्याला वाटतं सुईनेच झालं.

बाबांना एक गोष्ट सांग. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. वजन ३० किलोच्याही आत, मरणाच्या दारात होता, कारण त्याआधी या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, औषध शुद्ध करून १२ दिवसांनी परत दिलं आणि तो उठून बसला, पुढे १३ वर्षं जगला. ज्यांनी हे शोधलं त्यांनी पेटंट युनिव्हर्सिटीला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्यातल्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन. हे औषध माणसाला जगवायलाच आलंय.

टाइप २ मध्ये, म्हणजे बाबांसारख्या मोठेपणी हळूहळू होणाऱ्या डायबेटिसमध्ये, निदान होतं तेव्हाच स्वादुपिंडाची साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढे ती कमीच होत जाते. १७ वर्षांनी गोळ्या पुऱ्या पडत नाहीत यात बाबांचा गुन्हा काही नाही. गोळ्या स्वादुपिंडाकडून काम करून घेतात, पण तिथे कामगारच उरले नसतील तर बाहेरून आणावे लागतात.

आता महत्त्वाचं, नीट वाच. तुमच्याकडे बाटली आहे, पेन (आत इन्सुलिन भरलेलं टोचायचं साधन) नाही. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एक मिलीलीटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. ४० वाल्याची सिरिंज लाल टोपीची, १०० वाल्याची केशरी टोपीची. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळलाच पाहिजे. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातं. पेनमधलं इन्सुलिन १०० चं किंवा त्याहून जास्त ताकदीचं असतं, ते सिरिंजने कधीच काढायचं नाही. मेडिकलवाल्याने घाईत दुसरी सिरिंज दिली तर घरी आणून जुळवेन असं नाही, काउंटरवरच दोन्ही शेजारी धरून बघ.

पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, रोज जागा एक बोट सरकवत. एकाच जागी दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचत राहतात आणि तिथे गाठ होते, मग त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठलं की फेकायचं. चालू बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खाली किंवा खिडकीतल्या उन्हात नाही, तेव्हा फ्रीजच्या दारातच ठेवा आणि टोचायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा. तुमची जी बाटली पडून आहे तिची तारीख आधी बघ.

आणि डॉक्टरांना खरं सांगा, पहिल्या डोसच्या आधी. नाहीतर ते समजतील २० युनिट घेऊनही १०.२ आहे आणि ३० करतील, आणि ज्या दिवशी बाबा खरंच घ्यायला लागतील त्या दिवशी शुगर धाडकन खाली येईल.

एक ओळखीचे पावडर देतात, कारलं-जांभूळबी-मेथीची, म्हणतात ३ महिन्यांत शुगर मुळापासून जाते, फक्त गोळ्या बंद करायच्या. घेऊ का? - कांजूरमार्ग

नाही. कारल्याची भाजी खा, मेथी खा, त्याने थोडीफार मदत होतेही. पण "गोळ्या बंद करा" हे ज्याच्या तोंडून येईल त्याच्याकडून काही घेऊ नका. गोळ्या बंद करून पंधरा दिवसांत ४५० शुगर घेऊन आलेली माणसं मी बघितलीयेत, त्यातली एक तर सलाइनवर चार दिवस होती. आणि खर्च परवडत नाही म्हणून तिकडे वळला असाल तर सरळ सांगते, महापालिकेच्या आपला दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, जनऔषधीच्या दुकानात मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या खूप स्वस्तात मिळतात. गूळ, मध, खडीसाखर हेही विचारलंयत, तिन्ही रक्तात जाऊन साखरच होतात.

श्रावणी सोमवार आणि एकादशी मी ३० वर्षं करतेय. आता शुगर निघाली. मुलगी म्हणते सोड. मन होत नाही. - बोरिवली

मावशी, सोडा असं मी म्हणणार नाही, माझ्या घरी पण एकादशी असायची. तुम्ही कोणती गोळी घेता ते लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. इन्सुलिन किंवा वर ज्या ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या सांगितल्या त्या असतील तर उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. कडक निर्जळी नको. आणि उपासाच्या नावाखाली जे ताटात येतं तेच जास्त त्रासाचं आहे, साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळाच स्टार्च, त्यात बटाटा, वर गोड दही, मग केळं, मग राजगिऱ्याचा लाडू, अशा दिवशी शुगर लो नाही, २५० होते. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, थोडी वरी, मूठभर दाणे असं दिवसात तीन वेळा थोडं थोडं खा. साबुदाणा खावासा वाटलाच तर अर्धी वाटी, दाण्याचं कूट जास्त घालून. शुगर ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच सोडायचा, साखर तोंडात टाकायची, देवाला नमस्कार करायचा. मुलीला हा शब्द देऊन ठेवा, तिची काळजी अर्धी होईल.

बाबा ६१ वर्षांचे, प्रभादेवीच्या पुढे वरळीला राहतो. दर अंगारकीला रात्री अनवाणी चालत सिद्धिविनायकाला जातात. यावेळी पायात काच घुसली होती, त्यांना कळलंच नाही, दोन दिवसांनी मोज्याला रक्त बघून आईला कळलं. दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाहीत.

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं आणि याचं उत्तर मी पत्र आलं त्याच संध्याकाळी फोनवरही दिलंय, कारण यात अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

दुखत नाही हीच तर भीती आहे. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा मरतात, आधी मुंग्या येतात, तळवे जळतात, रात्री चादर नकोशी होते, आणि मग एक दिवस सगळं शांत होतं, आणि माणसाला वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं, पायाची तक्रार करायची ताकद गेलेली असते. मग काच घुसते, चप्पल चावते, गरम पाण्याची पिशवी भाजते, काही कळत नाही. रक्तपुरवठाही कमी, साखर जास्त, म्हणून जखम भरत नाही आणि जंतू मात्र मजेत वाढतात.

माझी आई अशीच. घरात मी हे काम करत होते आणि आईने आठ दिवस अंगठ्याखालची जखम माझ्यापासून लपवली, मला उगाच ताप नको म्हणून. गणपतीचे दिवस होते, तिला उकडीचे मोदक करायचे होते. वासावरून मला कळलं. ज्या ठिकाणी पहिल्यांदा नेलं तिथे नुसती पट्टी करून पाठवलं, दुसरीकडे पोचेपर्यंत अंगठा काळा पडला होता. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. ती आता नाही, पण तो मोजा मला अजून दिसतो, पांढरा, धुतलेला, नीट घडी करून पलंगाखाली सरकवलेला.

म्हणून बाबांना आजच दाखवा, दुखत नसताना, आणि टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा. लाल झालंय, सूज आहे, गरम लागतंय, पू आहे, वास आहे, काळं पडतंय किंवा ताप आहे, यातलं एक जरी असेल तर उद्यावर टाकायचं नाही. जखम बरी झाली की पायाची संवेदना तपासून घ्या, प्लास्टिकच्या बारीक तारेने तळव्याला टोकरून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. दरवर्षी करायचं. त्याच खेपेला बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासायचा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन करायचं, डोळे आणि किडनीही अशाच गुपचूप बिघडतात.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून बाबांना जाऊच देऊ नका, गेलेच तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे क्रीम लावायचं नाही, बाकी पायाला लावायचं. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालले असतील तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी लागेल का विचारायचं. नखं सरळ कापायची, कोपरे खोल नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही.

अंगारकीचं तुम्ही त्यांना एकदम बंद करा म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, मी अशा खूप काकांना ओळखते. मी फोनवर त्यांच्याशी बोलले तेव्हा एवढंच विचारलं की काका, नवस अनवाणी जायचा होता की दर्शनाला जायचा? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दर्शनाला. तर आता ठरलंय असं की बंद बुटात, जाड सुती मोजे घालून जायचं, बूट घालायच्या आधी हात आत घालून खडा बिडा नाही ना बघायचं, आणि मंदिराच्या दारात काढायचे, लगेच परत घालायचे. आणि रोज रात्री झोपायच्या आधी आईने दिवा लावून त्यांचे दोन्ही तळवे बघायचे, स्वतःला वाकून दिसत नाहीत ना. खाली आरसा ठेवूनही चालतं. पण आईने बघितलेलं जास्त बरं, तिची नजर काही सोडत नाही.